चौपाटीवरचा सहायक फौजदार

डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाणे हे पूर्ण नाव मुंबईत सहसा कुणी घेत नाही. सगळे ‘डी. बी. मार्ग’ म्हणतात. लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाऊस, ग्रँट रोडची वर्दळ आणि तिथून समुद्राकडे उतरलं की गिरगाव चौपाटी. अनंत चतुर्दशीला लाखो माणसं इथे लोटतात आणि या ठाण्यातल्या पोलिसांचा गणपती दरवर्षी असाच, दुसऱ्यांचे गणपती सांभाळत, वाळूत उभ्यानं पार पडतो. लोकमान्यांवर १९२० साली अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर. त्यांचा पुतळा तिथे आहे. आज त्याच चौपाटीवर एका सहायक फौजदाराचाही पुतळा आहे. सहायक फौजदार म्हणजे हवालदाराच्या वरची आणि उपनिरीक्षकाच्या खालची पायरी. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस तिथपर्यंत पोचतो तेव्हा केस पांढरे व्हायला लागलेले असतात. या हुद्द्याच्या माणसाचे पुतळे आपल्याकडे उभारत नाहीत.

तुकाराम गोपाळ ओंबळे मूळचे केडंब्याचे. सातारा जिल्हा, जावळी तालुका. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून घेतली तीच ही जावळी. डोंगर, जंगल, धो धो पाऊस आणि पाऊस सरला की उतारावरच्या तुकड्यांतून निघेल तेवढं धान्य. अशा मुलखात घरातला एक तरी मुलगा मुंबईला पाठवावाच लागतो. गिरण्या जोरात होत्या तेव्हा जावळीची, पाटणची, महाबळेश्वर तालुक्यातली माणसं गिरणीत गेली, गोदीत गेली, माथाडी झाली. शिकलेल्या, अंगापिंडानं धड असलेल्या पोरांना पोलिसात किंवा पलटणीत जायची ओढ असे. खाकी अंगावर आली की गावाकडे घराची पत वाढते, ही गोष्ट साताऱ्याकडच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. ओंबळे मुंबई पोलिसात आले आणि पुढचं आयुष्य तिथेच गेलं.

वरळीच्या पोलीस वसाहतीत त्यांचा संसार होता. पत्नी आणि चार मुली. मुंबईतल्या पोलीस वसाहती ज्यांनी आतून पाहिल्या आहेत त्यांना तिथलं जगणं ठाऊक आहे. घरं लहान, भिंती ओलसर. घड्याळावर दिवस लावावा तर बंदोबस्त कधी लागेल याचा नेम नाही. तेव्हा मुंबई पोलिसांची ड्यूटी बारा तासांची असे आणि बारा तास ही कागदावरची गोष्ट. दंगल झाली, मंत्री आले, सण आला की ते चोवीसही होत. मुलीची परीक्षा, पाहुण्यांचं येणं, गावची जत्रा हे सगळं ‘साहेबांनी सोडलं तर’ या अटीवर ठरायचं. घरातली बाई हे सगळं ओढत असते आणि तिला कुठलंही पदक मिळत नाही. अशा घरात चार मुली वाढवायच्या, शिकवायच्या, त्यांची लग्नं करायची हे त्या पगारात किती कठीण असतं, याचा हिशेब सातारा-कोकणातून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ आहे. ओंबळ्यांनी तो संसार निभावला. बापाच्या कामाचा त्या घराला अभिमान होता, हे त्यांच्या मुली पुढे जाहीरपणे बोलल्या तेव्हा त्यांच्या शब्दाशब्दांत दिसलं.

आपण मात्र हवालदाराकडे कसं पाहत होतो? ‘पांडू हवालदार’ १९७५ साली आला आणि दादा कोंडक्यांनी सगळ्या महाराष्ट्राला हसवलं. तो सिनेमा मलाही आवडतो. पण त्यानंतर रस्त्यावरच्या साध्या पोलिसाला ‘पांडू’ म्हणणं हा जणू आपला हक्कच झाला. चिरीमिरी घेणारा, पोट सुटलेला, साहेबापुढे वाकणारा, एवढंच त्याचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या चित्रात मावत नाहीत अशी माणसं त्याच गणवेशात होती आणि त्यांच्याकडे बघायला आपल्याला एका भयंकर रात्रीची वाट पाहावी लागली.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. रात्री दहा जण रबरी बोटीतून कफ परेडजवळच्या कोळीवाड्यापाशी उतरले आणि जोड्या-जोड्यांनी पांगले. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस, लिओपोल्ड कॅफे. अजमल कसाब आणि इस्माईल खान ही जोडी टॅक्सीने छत्रपती शिवाजी टर्मिनसला गेली. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बिछाने टाकून बसलेल्या माणसांवर त्यांनी एके-४७ मधून गोळीबार केला. पन्नासहून अधिक माणसं तिथे गेली. विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक आपल्या खोलीतून लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले, म्हणून आकडा तिथेच थांबला. तिथून हे दोघे कामा रुग्णालयात शिरले. गच्चीजवळच्या चकमकीत पोलीस अधिकारी सदानंद दाते जखमी झाले, पोलीस मेले. बाहेर पडल्यावर रंगभवनच्या गल्लीत त्यांनी एका क्वालिस गाडीवर गोळीबार केला. त्या गाडीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर होते. तिघेही गेले, सोबतचे पोलीसही गेले. जखमी अरुण जाधव मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या देहांखाली निपचित पडून राहिले. मेलेत असं समजून हल्लेखोरांनी तीच क्वालिस पळवली. टायर फुटल्यावर ती सोडली आणि बंदुकीच्या धाकावर एक स्कोडा ताब्यात घेतली. मग जाधवांनी जखमी हातांनी गाडीतल्या वायरलेसवरून खबर दिली.

चौपाटीवरची नाकाबंदी उभी राहिली ती या खबरीच्या जोरावर. सहायक पोलीस निरीक्षक हेमंत बावधनकर, भास्कर कदम, संजय गोविलकर आणि डी. बी. मार्गचे इतर कर्मचारी रस्त्यावर बॅरिकेड लावून उभे होते. अधिकाऱ्यांकडे पिस्तुलं होती. बाकीच्यांच्या हातात लाठ्या. ओंबळेही लाठी घेऊनच उभे होते. समोरून येणाऱ्या माणसांकडे काय आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. शहराचे तीन बडे अधिकारी पडले, ही बातमीही वायरलेसवर फिरत होती. त्या क्षणी लाठी घेऊन रस्त्यात उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार मी अनेकदा केला आहे. बॅरिकेडच्या मागे सरकायला, झाडाच्या आडोशाला उभं राहायला कुणी मनाई केली नव्हती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर मरीन ड्राइव्हवरून चंदेरी स्कोडा आली आणि बॅरिकेडपासून पन्नासेक फुटांवर थांबली. दिवे पूर्ण उजेडात. पोलिसांनी ओरडून सांगितलं, दिवे बंद करा, आतला दिवा लावा. आतल्याने दिवे विझवले नाहीत. उलट काचेवर पाण्याचा फवारा सोडून वायपर चालू केला, म्हणजे आत कोण आहे ते दिसू नये. मग एकदम गाडी उजवीकडे वळवून परत फिरायचा प्रयत्न केला. ती दुभाजकावर चढली आणि बंद पडली. पोलीस दोन्ही बाजूंनी धावले. गाडी चालवणाऱ्या इस्माईलने पिस्तूल झाडलं. पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला. डावीकडच्या दारातून कसाब उतरला, शरण येतोय असं वाटावं अशा बेतानं, आणि त्याच क्षणी त्याच्या हातात रायफल दिसली.

ओंबळे त्याच्या अगदी जवळ होते. त्यांनी दोन्ही हातांनी रायफलची नळी धरली. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळ्यांच्या शरीरात गेल्या, पण नळीवरची पकड सुटली नाही. सगळं काही सेकंदांचंच. त्या सेकंदांत रायफल दुसऱ्या कुणाकडे वळली नाही, गोळ्या मागच्या पोलिसांच्या घोळक्यात शिरल्या नाहीत, आणि बाकीच्यांना कसाबवर तुटून पडायला वेळ मिळाला. गोविलकरही या झटापटीत गोळी लागून जखमी झाले. पोलिसांनी लाठ्यांनी कसाबला झोडपून काढलं. आपला माणूस डोळ्यांसमोर कोसळलेला असताना त्यांनी तिथेच त्याचा जीव घेतला असता, तर त्या रात्री कुणी त्यांना दोष दिला नसता. जखमी गोविलकरांनी त्यांना आवरलं. हा जिवंत हवा, पुरावा आहे, हे त्या अवस्थेत त्यांना सुचलं. ओंबळ्यांइतकंच मोठं श्रेय मी या माणसाच्या त्या क्षणीच्या भानाला देतो. कसाब आणि इस्माईलला नायर रुग्णालयात नेलं. इस्माईल मेलेला होता. कसाबच्या हातांना जखमा होत्या, बाकी तो धडधाकट होता. तुकाराम ओंबळे वाचले नाहीत.

यानंतर काय झालं, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्या दोन हातांनी काय केलं ते कळत नाही.

हल्ला चालू असतानाच ‘डेक्कन मुजाहिदीन’ नावाच्या, कुणी कधी न ऐकलेल्या गटाने माध्यमांना ई-मेल पाठवून जबाबदारी घेतली होती. नाव मुद्दाम असं निवडलेलं, की हे कुणीतरी दक्षिण भारतातले, घरचेच आहेत असं वाटावं. दहाही जणांकडे भारतीय नावांची बनावट ओळखपत्रं होती. हैदराबादच्या दिलसुखनगरमधल्या एका महाविद्यालयाचा शिक्का, त्यावर हिंदू नावं. कसाबच्या ओळखपत्रावरचं नाव होतं समीर चौधरी. म्हणजे दहाच्या दहा मारले गेले असते तर शवागारात दहा तरुणांची प्रेतं आणि खिशांत दहा भारतीय कार्डं, एवढंच उरलं असतं. पाकिस्तान काय म्हणाला असता हे सांगायला ज्योतिषी नको. पण त्याहून मोठी भीती मला घरच्या आगीची वाटते. त्या कार्डांवर विश्वास ठेवणारे, त्यांचा वापर करणारे, एकमेकांकडे बोट दाखवणारे आपल्या शहरात कमी नव्हते. १९९२-९३ च्या दंगली पाहिलेल्या मुंबईला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कसाब बोलला. त्याने सांगितलं, आपण फरीदकोटचे, पाकिस्तानी पंजाबातल्या ओकारा जिल्ह्यातले. प्रशिक्षण कुठे झालं, कुणी दिलं, कराचीतून कसे निघालो, समुद्रात ‘कुबेर’ नावाची भारतीय मासेमारी बोट कशी पळवली आणि तिच्या तांडेलाचा गळा कसा कापला. ‘कुबेर’ सापडली, तांडेलाचं प्रेतही बोटीवरच सापडलं. म्हणजे त्याचं बोलणं पुराव्याशी जुळत होतं. डिसेंबरात कराचीच्या ‘डॉन’ दैनिकाने फरीदकोटला जाऊन त्याच्या वडिलांना गाठलं. मुलगा आपलाच आहे, असं ते कबूल झाले. जानेवारी २००९ मध्ये भारताने पाकिस्तानला पुराव्यांचा दस्तऐवज दिला. काही दिवसांतच पाकिस्तानचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी कसाब पाकिस्तानी आहे हे मान्य केलं आणि त्यांची खुर्ची गेली. फेब्रुवारीत पाकिस्तानच्या गृहखात्याचे प्रमुख रेहमान मलिक यांनाही कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचं जाहीर करावं लागलं. जिवंत माणूस समोर नसता तर यातलं काहीही त्यांच्या तोंडून बाहेर आलं नसतं.

त्याच महिन्यात कसाबने न्यायदंडाधिकारी आर. व्ही. सावंत-वाघुले यांच्यापुढे कबुलीजबाब दिला. पोलिसांनी ११ हजारांहून अधिक पानांचं आरोपपत्र दाखल केलं. आर्थर रोड तुरुंगातच खास न्यायालय उभं राहिलं. न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी, सरकारतर्फे उज्ज्वल निकम. कसाबला वकील मिळावा म्हणून न्यायालयाने जो आटापिटा केला त्यावर तेव्हा अनेकांनी तोंडसुख घेतलं. मला तो खटल्यातला सर्वांत अभिमानाचा भाग वाटतो. चौपाटीवर चिडलेल्या पोलिसांनी ज्याला जिवंत ठेवलं, त्याला कायद्यानंही कायद्याच्याच वाटेनं नेलं. खटल्यात सुरुवातीलाच साक्षीला उभे राहिले ते भास्कर कदम. चौपाटीवरच्या त्या माणसाला त्यांनी न्यायालयात ओळखलं.

३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला, ६ मे रोजी फाशी सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. दरम्यान धागे लांब जात राहिले. ऑक्टोबर २००९ मध्ये हल्ल्याच्या जागांची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली शिकागोत पकडला गेला. कसाबने ज्याचं नाव सांगितलं होतं, हल्लेखोरांना हिंदी शिकवणारा ‘अबू जुंदाल’, तो आपल्या बीड जिल्ह्यातला निघाला. जून २०१२ मध्ये सौदीहून आणल्यावर तो दिल्लीत पोलिसांच्या ताब्यात आला. हे सत्य कटू होतं. मराठी मुलखातलाच एक माणूस त्या कटात होता आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी कसाबला पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी दिली. ओंबळ्यांना जाऊन चार वर्षं व्हायला तेव्हा सहा दिवस बाकी होते.

त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. त्यांत सुरक्षा दलांतले १८ जण. २६ जानेवारी २००९ रोजी राजपथावर अशोकचक्रं देण्यात आली. करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन, हवालदार गजेंद्र सिंह आणि सहायक फौजदार तुकाराम ओंबळे. शांतताकाळातलं सर्वोच्च शौर्यपदक ओंबळ्यांच्या पत्नीने राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हातून घेतलं. भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी आणि बिनबंदुकीचा सहायक फौजदार यांना एकाच दिवशी, एकाच मापाचं पदक. सरकारी उतरंडीत हे सहज घडत नाही आणि ज्यांनी ते घडवलं त्यांचे आभार मानायला हवेत. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला अभ्यासकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं. पदकं आणि पुतळे सरकार देतं. रानात कोळी शोधत हिंडणाऱ्या तरुणांना आपल्या शोधाला नाव देताना हा पोलीस आठवावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

राज्य सरकारने माजी गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमून पोलिसांची तयारी तपासली. ‘फोर्स वन’ हे विशेष पोलीस दल उभं राहिलं, शस्त्रं आली, किनारा सांभाळणाऱ्या बोटी आल्या. हे व्हायलाच हवं होतं आणि लाठीऐवजी दुसरं काही ओंबळ्यांच्या हातात असायला हवं होतं, हे म्हणताना अजूनही राग येतो. एके-४७ समोर लाठीवाल्या माणसांना उभं करण्याची पाळी आणणारी ढिलाई वर्षानुवर्षांची होती. ओंबळ्यांचं धैर्य सांगताना त्या ढिलाईवर पांघरूण पडतं, असं मला पुष्कळदा जाणवतं. शूर माणसाचं कौतुक करणं सोपं आहे. तो तसा शूर व्हायला भाग का पडला, हे विचारणं जड जातं.

शिपायाच्या घराकडे मात्र लक्ष जायला आणखी बरीच वर्षं लागली. मे २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. आयुक्त दत्ता पडसलगीकर. कल्पना एका साध्या पोलीस शिपायाची, त्यानेच ती लिहून वरिष्ठांपुढे मांडली होती. मग शहरातल्या इतर ठाण्यांतही ती पद्धत नेण्यात आली. आठ तास म्हणजे बापाला मुलांच्या शाळेत जाता येतं, रात्रीच्या जेवणाला घरी बसता येतं. वरळीच्या वसाहतीतल्या त्या चार मुलींचं लहानपण मात्र बारा तासांच्या ड्यूटीतच गेलं.